पार्किन्सन्समधली "किरकोळ" दुखणी : आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे, म्हणजे हालचाली मंदावत नेणारा मेंदूचा आजार. निदान होऊन आठ वर्षं झाली. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, निवृत्त झाल्यावर रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारायचे, अजूनही एक मारतात. मी डॉक्टर नाही. पण बिल्डिंगमधले, नात्यातले, फिजिओकडे भेटणारे लोक फोन करून विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून काढले. थरथर सगळ्यांना दिसते, तिच्याबद्दल सगळे बोलतात. आमच्या घरातले दिवस मात्र थरथरीने कमी आणि पोट, लाळ, झोप, आवाज, चक्कर यांनीच जास्त खराब केले, आणि डॉक्टरांकडे नेमकं हेच सांगायचं राहून जायचं कारण आम्हाला वाटायचं हे वयामुळे असेल, यासाठी काय डॉक्टरांचा वेळ घ्यायचा. ते चुकलं आमचं. औषधांचे डोस मी कुठेच लिहिलेले नाहीत, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

हात थरथरत नाही, मग पार्किन्सन्स कसा असेल?

असू शकतो. सगळ्यांना थरथर होत नाही. डॉक्टर मुख्य बघतात तो मंदपणा, म्हणजे हालचाल हळू आणि छोटी होत जाणं, आणि त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा थरथर. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं तेव्हा नावातच कंप होता, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. बाबांना पहिली दोन वर्षं थरथर नव्हतीच. उजवा खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर म्हणून सहा महिने शेक आणि व्यायाम झाले. चालताना उजवा हात हलत नव्हता, लटकून राहायचा. आणि उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटायची, त्यांना कळायचंही नाही, चार पावलं पुढे जाऊन मग लक्षात यायचं. आई चिडायची की लक्ष कुठे असतं तुमचं. आता ते आठवलं की तिला फार वाईट वाटतं. तुमच्या घरी असं काही होत असेल तर आधी मागे पट्टा असलेली चप्पल किंवा वेलक्रोचे बूट घ्या आणि मग डॉक्टरांना चालून दाखवा.

वास येत नाही, झोपेत हातपाय झाडतात. याचा आजाराशी संबंध आहे का?

बऱ्याचदा असतो, आणि ही दोन्ही लक्षणं निदानाच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतात. पण उलटं धरू नका. वास गेला म्हणजे पार्किन्सन्सच असं नाही, सर्दी, सायनस, कोविड, बरीच कारणं असतात.

वास न येण्याचं लोक हसण्यावारी नेतात पण घरात एकटा माणूस असेल तर हे गंभीर आहे. नासलेलं दूध कळत नाही, फोडणी करपलेली कळत नाही, गॅस सुटलेला कळत नाही. आम्ही स्वयंपाकघरात गॅस लीकचा अलार्म बसवला.

झोपेचं असं आहे की स्वप्न पडतं तेव्हा आपलं शरीर एरवी लुळं पडलेलं असतं, म्हणून स्वप्नात कितीही धावलो तरी अंथरुणातच असतो. या आजारात तो ब्रेक नीट लागत नाही, मग माणूस स्वप्न अक्षरशः वागून दाखवतो. बाबा एकदा स्वप्नात कुत्र्याला हाकलत होते आणि आईच्या खांद्यावर जोरात हात बसला. दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवत नव्हतं आणि आईचा निळा पडलेला खांदा बघून ते दिवसभर गप्प होते. आम्ही बेडशेजारचं टोकदार कोपऱ्याचं कपाट हलवलं, खाली गादी टाकली, आई वेगळ्या बेडवर झोपायला लागली. डॉक्टरांना सांगितल्यावर गोळी मिळाली आणि प्रकार खूप कमी झाला. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

अक्षर बारीक होत चाललंय आणि बँकेत सही जुळत नाही, काय करायचं?

हे मला जवळचं आहे. बाबांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, ड्रॉइंगवरचं लेटरिंग बघून लोक विचारायचे की स्टेन्सिल वापरता का. तेच अक्षर ओळीच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटी मुंगीएवढं व्हायला लागलं. पार्किन्सन्समध्ये हालचाली छोट्या होतात ना, तसंच अक्षराचं होतं. दुरेघी वही घ्या, प्रत्येक अक्षर दोन्ही रेघांना टेकवायचंच असं मनात म्हणत लिहायचं, जाड ग्रिपचं पेन, आणि पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत लिहायचं. बाबा रोज अर्धं पान लिहितात.

बँकेचं म्हणाल तर आमचा चेक सही जुळत नाही म्हणून दोनदा परत आला. वाट बघू नका, जमतंय तोवर बँकेत जाऊन नवीन सहीचा नमुना द्या, खातं जॉइंट करा. आणि हात अगदीच चालत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की आजारी, वृद्ध खातेदाराचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. काउंटरवर नाही म्हणाले तर मॅनेजरना शांतपणे हे सांगा.

आवाज इतका हळू झालाय की फोनवर काही कळत नाही. आणि ते म्हणतात तुम्हालाच ऐकू येत नाही.

ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना स्वतःचा आवाज नेहमीएवढाच वाटतो, मेंदूचं मोजमापच बदललेलं असतं. म्हणून "मोठ्याने बोला" असं दर वाक्याला ओरडून उपयोग नाही, माणूस बोलायचंच बंद करतो. बाबांच्या बाबतीत ते होत आलं होतं, पुण्याच्या काकांचा फोन आला की ते आईकडे देऊन टाकायचे. स्पीच थेरपिस्टकडे यासाठी खास व्यायाम असतात, सगळा भर एकाच गोष्टीवर, मोठा आवाज. लांब "आऽऽ", जितका जोरात आणि जितका वेळ टिकेल तितका. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लावला की बाबा रामरक्षा म्हणतात, ती आता ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आईला ऐकू जाईल अशी म्हणतात, आणि सकाळी पेपरातल्या पाच बातम्या मोठ्याने वाचतात. थेरपी झाली की सोडून देऊ नका, सोडलं की आवाज परत खाली जातो.

चेहरा सारखा रागावल्यासारखा का असतो?

चेहऱ्याचे स्नायूही मंद होतात. आतून आनंद झालेला असतो, तो चेहऱ्यावर पोचत नाही. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा विचारायचा आबा माझ्यावर का चिडलेत. त्याला सांगितलं की आबांचं हसू हळू येतं, तू थांब जरा. तो खरंच थांबायचा, तोंडाकडे बघत. पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा.

पापण्याही कमी लवतात, आपल्या मिनिटाला साधारण १५ लवतात, यांच्या त्यापेक्षा बऱ्याच कमी. म्हणून डोळे कोरडे होतात, चुरचुरतात, उलट पाणीही येतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना पार्किन्सन्स आहे हे सांगा, बऱ्याचदा साध्या ड्रॉप्सवर भागतं.

लाळ गळते, चारचौघांत लाज वाटते.

लाळ जास्त तयार होत नसते, गिळणं कमी झालेलं असतं. आपण नकळत सारखं गिळत असतो, तेच नकळतपणे होणं कमी होतं. मान खाली झुकलेली असली की आणखी गळते. चघळायला शुगर फ्री गोळी किंवा लवंग, त्याने गिळायची आठवण राहते. बोलायला सुरुवात करायच्या आधी एकदा गिळायचं ही सवय बाबांनी लावून घेतली, आधी जमेना पण जमलं. फार असेल तर डॉक्टरांकडे औषधं आणि इंजेक्शनचा पर्याय आहे, विचारा. आणि जेवताना, पाणी पिताना सारखा ठसका लागत असेल तर ते मात्र किरकोळ समजू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाण्याचं कूट हे आमच्याकडे बंद झालं.

पोट साफ होत नाही. हे पण पार्किन्सन्समुळेच?

हो, आतड्यांची हालचालही मंदावते. आणि हे नुसतं गैरसोयीचं नाही, पोट हळू चालतं म्हणजे गोळीही पुढे उशिरा सरकते, मग असर उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि आपण म्हणतो डोस वाढवा. आमचं एक अख्खं वर्ष यात गेलं. चार चार दिवस पोट साफ नसायचं, बाबा कुणाला सांगायचे नाहीत, मुलीला काय सांगणार. शेवटी फिजिओने विचारलं.

आता पाणी मोजून पितात, दीड लिटरची बाटली भरून ठेवतो आणि ती संध्याकाळी सहाच्या आत संपवायची, नंतर प्यायलं की रात्री बाथरूमच्या फेऱ्या वाढतात. (पथ्य म्हणून पाणी कमी प्यायला सांगितलेलं असेल, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर हे करू नका.) भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, रोज एक पालेभाजी, इसबगोल. इसबगोल घेतलं तर भरपूर पाण्याबरोबरच, नाही तर उलट घट्ट होतं. रोज नाश्त्यानंतर ठरलेल्या वेळी बसायचं, पायाखाली छोटा स्टूल. तरी नाही झालं तर डॉक्टर पातळ औषध देतात. आणि सारखं लघवीला जावं लागत असेल तर तेही सांगा, प्रोस्टेट म्हणून सोडून देऊ नका.

गोळी घेतली तरी कधी चालते कधी चालत नाही, असं का?

पोटाचं वर सांगितलं. दुसरं कारण जेवण. पार्किन्सन्ससाठीच्या सिंडोपासारख्या गोळ्यांमध्ये लेव्होडोपा हे मुख्य औषध असतं, तो आतड्यातून आणि मेंदूत ज्या वाटेने जातो त्याच वाटेने प्रथिनंही जातात, दोघांची रांग एकच. म्हणून वरण, उसळ, पनीर, दूध, अंडं यांच्याबरोबर गोळी घेतली की तिचा असर कमी होऊ शकतो. साधारण जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. मळमळ होत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट. लोहाची गोळीही एकाच वेळी नको. पण म्हणून प्रथिनं बंद करू नका हो, आमच्या ओळखीतल्या एकांनी डाळ-दूध सगळं सोडलं आणि वजन सात किलो उतरलं. वजन या आजारात तसंही उतरतं.

सकाळी उठल्या उठल्या पायाचा अंगठा वर होणं, बोटं आत वळून दुखणं, हेही बऱ्याचदा रात्रीच्या गोळीचा असर संपल्यामुळे असतं. आम्ही कॅल्शियम खाऊ घालत होतो. वेळ लिहून डॉक्टरांना दाखवली आणि त्यांनी वेळापत्रक बदललं, तेवढ्यावर थांबलं.

गॅस, उलटी, चक्कर यासाठी जवळच्या डॉक्टरांची गोळी चालेल का?

हा प्रश्न लोक फार कमी विचारतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. काही अगदी नेहमीची औषधं मेंदूतल्या डोपामिनचीच (हालचालींसाठी लागणारं, या आजारात कमी पडणारं रसायन) वाट अडवतात, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळीच्या बरोबर उलटं काम. उलटीसाठी दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड, चक्कर-उलटीसाठी प्रोक्लोरपेराझिन, गॅस ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, चक्करेसाठी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन. यांच्यामुळे असलेला पार्किन्सन्स वाढतो, आणि नसलेल्या माणसालाही तशीच लक्षणं येऊ शकतात, जी औषध थांबवल्यावर बहुतेकदा हळूहळू जातात.

बाबांना ॲसिडिटीसाठी एक कॅप्सूल सुरू झाली होती, रिकाम्या पोटी एक, ती तीन महिने चालू राहिली कारण बरं वाटत होतं. त्या तीन महिन्यांत ते खुर्चीतून उठेनासे झाले. आम्हाला वाटलं आजार पुढे गेला. न्यूरॉलॉजिस्टनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवायला सांगितली, एकेक पाकीट पालथं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि ती कॅप्सूल बाजूला काढली. दीड महिन्यात बाबा परत तलावपाळीला गेले. म्हणून सांगते, ब्रँडचं नाव नका बघू, पाकिटामागचं औषधाचं नाव बघा, दुकानातून परस्पर गोळी आणू नका, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की पहिलं वाक्य "पार्किन्सन्स आहे". बाबांच्या पाकिटात ही पाच नावं लिहिलेला कागद कायम असतो.

उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

उभं राहिल्यावर बीपी पडत असेल. क्लिनिकमध्ये बसवून मोजतात तेव्हा नॉर्मल येतं आणि सुटतं. घरी पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर लिहून घेऊन दाखवा. बीपीच्या जुन्या गोळ्या कमी कराव्या लागू शकतात, पण स्वतःहून नाही. तोवर उठताना आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. पोटभर जेवणानंतर आणि मे महिन्यातल्या ठाण्याच्या घामट दुपारी हे जास्त होतं. बाथरूममध्ये दांडा बसवा, तो आजच बसवा.

दारात, लिफ्टपाशी पाय जमिनीला चिकटतात.

याला फ्रीझिंग म्हणतात. ओढू नका, ढकलू नका, "चला चला" करू नका, घाईने आणखी चिकटतात आणि तोल जातो. थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, मग मोठं पाऊल. गंमत अशी की मेंदूला बाहेरून इशारा मिळाला की पाय सुटतो. आम्ही बाथरूमच्या दारापाशी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्यात, बाबा रेघ ओलांडतात. दुसरं म्हणजे ताल. बाबा शाळेत लेझीम खेळायचे, तो ताल तोंडाने म्हटला की चालू लागतात, मी शेजारी हळूच म्हणते. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठं अर्धगोल वळण. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीच्या वेळी आम्ही जातच नाही, वाशीला आत्याकडे जायचं असेल तर दुपारी, नाही तर रिक्षा-टॅक्सी. तो खर्च मला वाया गेल्यासारखा वाटत नाही.

कोपऱ्यात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं म्हणतात. वेड लागतंय का?

नाही. बाजूने मांजर गेल्यासारखं, खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटणं या आजारात आणि त्याच्या औषधांनीही होतं. बाबा सहा महिने बोलले नव्हते, घाबरत होते की वेड्याच्या डॉक्टरकडे नेतील. वाद घालू नका, दिवा लावा, जवळ बसा. अचानक वाढलं तर लघवीचं इन्फेक्शन आहे का बघावं लागतं. डॉक्टरांना जरूर सांगा, औषधात फेरफार करतात. पण झोपेची किंवा मनाची गोळी परस्पर सुरू करू नका, त्यातल्याही काही वरच्या कॅप्सूलसारख्याच वाट अडवणाऱ्या असतात.

अचानक ऑनलाइन रमी, खरेदी, लॉटरी यांचा नाद लागलाय.

प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू आहे का बघा. या औषधांनी काही लोकांना असा न आवरणारा नाद लागतो, जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा, लैंगिकही. तो स्वभावदोष नाही, औषधाचा परिणाम आहे. लाज न बाळगता लवकर सांगा कारण यात घरची पुंजी जाते. गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

कशातच रस नाही, दिवसभर बसून असतात. आळस म्हणायचा का?

आळस म्हणू नका. उदासी आणि निरुत्साह हे आजाराचाच भाग आहेत, दोन्हींवर उपाय आहेत. "काहीतरी करा" असं सांगून होत नाही, वेळ आणि सोबत ठरवून द्यावी लागते. बाबांना मी विचारत नाही की जायचं का, साडेसहाला चप्पल पुढे ठेवते. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि घरचे एकत्र भेटतात, व्यायाम करतात. मित्रमंडळाचं काम मराठीतून चालतं, हे बाबांच्या वयाच्या माणसांना फार जवळचं वाटतं.

भुवयांत कोंडा, चेहरा तेलकट, मधेच घामाघूम. हेही यातलंच?

हो, बऱ्याचदा. त्वचेच्या डॉक्टरांच्या शाम्पूने कोंडा आटोक्यात येतो. घाम गोळीच्या वेळांशी जुळतो का ते लिहा.

आयुर्वेदिक चालेल का?

खाजकुइलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या बियांत खरंच नैसर्गिक लेव्होडोपा असतो, म्हणून तर सांगूनच घ्यायची. चालू गोळीवर ही पडली की डोस नकळत वाढतो, अंग वेडंवाकडं हलायला लागतं, भास वाढतात. वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही दोन्हीकडची यादी दाखवा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यात पार्किन्सन्स आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. टक्के तपासणीवर ठरतात. जाताना गोळ्यांची वेळ सांभाळा, डबा, पाणी न्या.

ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हायचंय, काय काळजी घ्यायची?

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा हे शिकलो. वॉर्डात गोळ्या वॉर्डाच्या वेळेला देतात, सकाळी-दुपारी-रात्री. बाबांची गोळी सहा, दहा, दोन, सहा आणि दहाची. पहिल्या दिवशी दहाची गोळी साडेबाराला मिळाली आणि तोवर त्यांना कूस बदलता येईना, नर्सला वाटलं ऑपरेशनमुळे. गोळ्या एकदम थांबल्या तर ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, ती इमर्जन्सी असते. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आदल्या दिवशी बोला, उपाशी राहायच्या काळात गोळी कशी द्यायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या, स्वतःच्या गोळ्या बरोबर न्या. आम्ही शेवटी एका पुठ्ठ्यावर जाड मार्करने गोळीच्या पाचही वेळा आणि खाली द्यायची नाहीत त्या पाच औषधांची नावं लिहून बेडच्या डोक्याशी चिकटवली. अक्षर बाबांनीच काढलं, दोन रेघांच्या मध्ये, चांगलं मोठं.